नोकरी, छंद आणि लोणारचें सरोवर

विद्यापीठाच्या संगणक-विभागाचा भार वाहणारा अधिकारी मोठ्या विचित्र कोंडींत सांपडलेला असतो. प्रवेश, परीक्षा, निकाल, ग्रंथालयाच्या नोंदी हीं सारीं कामें आतां यंत्रांवर चालतात, आणि यंत्र बिघडण्यास काळवेळ नसतो. यंत्राच्या आवडीनें तो या पेशांत शिरतो. पण हुद्दा वाढला कीं हातांतलें यंत्र सुटतें आणि त्याची जागा अंदाजपत्रकें, निविदा, बैठकी व हाताखालच्या माणसांचीं गाऱ्हाणीं घेतात. घरीं सतारीवर धूळ सांचते, दुर्बिणीवरची खोळ वर्षभर निघत नाहीं. मग तो मनाची समजूत घालतो कीं, सेवानिवृत्तीनंतर पाहूं.

हा वायदा शहाणपणाचा कीं फसवा, याचा विचार करण्यास बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर फार उपयोगी पडतें. कारण या सरोवराविषयींच्या आरंभींच्या ज्ञानाचा बराच भाग दुसऱ्याच कामाचा पगार घेणाऱ्या माणसांनीं गोळा केलेला आहे.

लोणार म्हणजे काळ्या पाषाणांतलें जवळजवळ वर्तुळाकार विवर. त्याची रुंदी सुमारें १८०० मीटर व खोली सुमारें १५० मीटर असून तळाशीं खारें पाणी आहे. लोककथेनें त्याचा संबंध लवणासुराशीं जोडला. अकबराच्या दरबारचा अबुल फजल यानें ‘ऐन-इ-अकबरी’ंत या भागांतील खाऱ्या पाण्याची, तसेंच काच व साबण यांस लागणाऱ्या द्रव्यांची नोंद केली. राज्याच्या उत्पन्नाचा तपशील लिहितांना त्याची दृष्टि निसर्गाच्या या चमत्कारावरही गेली. पुढें १८२३ मध्यें सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानें या स्थळाच्या वेगळेपणाकडे लक्ष वेधलें.

त्यानंतर लोणारविषयीं लिहिणारांत जॉन ग्रँट माल्कमसन हा पेशानें शल्यवैद्य होता. बेरीबेरी या रोगावरील त्याचा ग्रंथ १८३५ चा. आणि दख्खनच्या काळ्या खडकांत सांपडणाऱ्या पाषाणीभूत अवशेषांवरील त्याचा प्रसिद्ध निबंध १८४० मध्यें लंडनला छापला गेला. कॅप्टन न्यूबोल्ड हा सैनिक. कारभाराच्या निमित्तानें फिरत असतां त्यानें दक्षिण हिंदुस्थानचे भूस्तर तपासले आणि १८५० मध्यें महाबळेश्वरीं देह ठेवला. हे दोघेही लोणारला ज्वालामुखीचें मुख समजले. तो तर्क चुकीचा ठरला, तरी त्यांच्या नोंदी पुढच्या अभ्यासकांनीं टाकून दिल्या नाहींत. नोकरीनें त्यांस मुलूख दाखविला. उघडे डोळे मात्र त्यांचे स्वतःचे होते.

परंतु प्रत्येकाच्या नोकरींत प्रवास नसतो. यंत्रांची देखभाल करणारा एका जागीं जखडलेला असतो. त्याला अधिक जवळचें उदाहरण माल्कमसनच्याच काळांत मुंबईस आढळतें. विद्यापीठ १८५७ मध्यें निघालें. त्यापूर्वीं तेथील उच्च शिक्षणाचें घर म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेज. तेथील खगोलशास्त्राचे प्राध्यापक ऑर्लेबार यांनीं १८४१ मध्यें कुलाब्याच्या वेधशाळेंत चुंबकत्वाच्या व हवामानाच्या नियमित नोंदी सुरू केल्या. त्या कॉलेजांत शिकविणारे बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडेही कांहीं काळ या वेधशाळेचा कारभार होता. वेधशाळेंत उपकरण बिघडून चालत नाहीं आणि एक नोंद गळली तर मागील मालिकेला खंड पडतो. आजच्या तंत्राधिकाऱ्याला हा जाच नवा वाटणार नाहीं.

अशा नोकरीच्या जोडीला बाळशास्त्री काय करीत होते? ६ जानेवारी १८३२ रोजीं त्यांनीं ‘दर्पण’ काढलें, १८४० मध्यें ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू केलें, जुने शिलालेख व ताम्रपट वाचून त्यांवर निबंध लिहिले आणि १८४५ मध्यें ज्ञानेश्वरीची शिळाछापाची आवृत्ति प्रसिद्ध केली. मे १८४६ मध्यें ऐन उमेदींत त्यांचें निधन झालें. ज्ञानेश्वरीचें काम त्यांनीं सवडीच्या दिवसांवर टाकलें असतें, तर तीं सवड त्यांना कधींच लाभली नसती. सेवानिवृत्तीच्या वायद्यांतली फसवणूक ती हीच.

छंदासाठीं वेळ काढणाऱ्यास टीकाही सोसावी लागते, हें एका अमेरिकन गृहस्थाच्या चरित्रावरून दिसतें. आणि त्याचा धागा पुनः लोणारशीं येऊन मिळतो. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा तेथील सरकारी भूगर्भ-पाहणी खात्याचा मुख्य भूशास्त्रज्ञ. माणसें, कामें आणि अहवाल यांची व्यवस्था पाहणें हेंच त्याचें मुख्य काम झालें होतें. १८९१ मध्यें त्यानें ॲरिझोनांतील एक विवर तपासलें व तें वाफेच्या स्फोटानें झालें असावें असें ठरविलें. पण विवरांचें कोडें त्याच्या डोक्यांतून जाईना. १८९२ मध्यें त्यानें वॉशिंग्टनच्या नाविक वेधशाळेची दुर्बीण मागून घेतली आणि अठरा रात्री चंद्र न्याहाळला. त्याच वर्षीं खात्याचा पैसा कमी होत होता. रात्रभर चंद्राकडे टक लावून बसण्याखेरीज या खात्याच्या माणसांना दुसरा उद्योग नाहीं काय, अशी टवाळी कायदेमंडळांत झाली.

गिल्बर्टनें १८९३ मध्यें आपला निष्कर्ष छापला: चंद्रावरचीं विवरें बाहेरून आदळलेल्या वस्तूंनीं पडलेलीं आहेत. १८९६ मध्यें ॲरिझोनाच्या विवराविषयीं लिहितांना त्यानें लोणारशीं त्याचें साम्य दाखविलें. गंमत अशी कीं, कचेरीच्या कामांत तपासलेल्या विवराबाबत तो चुकला आणि टवाळीचा विषय झालेल्या चंद्राबाबत पुष्कळ अंशीं बरोबर ठरला. ॲरिझोनाचें विवर उल्काघातानेंच झालें हें पुढें सिद्ध झालें. लोणारचें विवरही तसेंच झाल्याचें १९७३ मध्यें फ्रेड्रिक्सन व त्यांचे सहकारी यांनीं खडकांतील आघाताच्या खुणांवरून दाखविलें. चंद्रावरील खडकही पुष्कळसा याच जातीचा असल्यामुळें तेथील विवरें समजून घेण्यास आज लोणारचा आधार घेतला जातो.

या माणसांनीं नोकरीशीं बेइमानी केली नाहीं. पगाराचा वेळ ज्याचा त्याला दिला. पण उरलेला वेळ निरुद्योगांतही घालविला नाहीं. गिल्बर्टनें वर्ष मागितलें नाहीं, अठरा रात्री राखून ठेवल्या. आजच्या तंत्राधिकाऱ्यासही आठवड्यांतली एक संध्याकाळ याच रीतीनें राखतां येईल. त्यासाठीं एक गोष्ट मात्र अवश्य आहे: हाताखालच्या माणसास इतकें तयार करावें कीं, वरिष्ठाच्या गैरहजेरींत बिघडलेलें यंत्र त्यानें दुरुस्त करावें. जो अधिकारी आपल्यावांचून कांहींच चालत नाहीं असें भूषणानें सांगतो, त्यानें नोकरीही नीट लावलेली नसते आणि छंदही गमावलेला असतो.