उत्तर येतं, पण उशिरा
म्हातारपणाचा मेंदू : लेखांक ६

मागच्या लेखात आपण मेंदूच्या करड्या भागाबद्दल बोललो. आज त्याच्या खालच्या पांढऱ्या भागाबद्दल. मेंदूचा जवळजवळ निम्मा ऐवज तोच असतो, तरी विसराळूपणाच्या गप्पांत त्याचं नाव कुणी काढत नाही. सत्तरीतल्या माणसाची ‘हल्ली पटकन सुचत नाही’ ही तक्रार मात्र पुष्कळदा याच भागाची असते.

इथे असतात चेतापेशींचे लांब तंतू, आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेले मायलिनचे स्निग्ध थर. पांढरा रंग या थरांचा. उघड्या तंतूतून संदेश सेकंदाला मीटर-दोन मीटर सरकतो. मायलिनवाल्या जाड तंतूतून तो शंभर मीटरपर्यंत जाऊ शकतो. थरांमध्ये ठरावीक अंतरावर फटी असतात आणि संदेश एका फटीवरून थेट दुसऱ्या फटीवर उडी घेतो, मधली स्टेशनं गाळणाऱ्या फास्ट लोकलसारखा. वयाबरोबर मायलिन झिजतं, काही तंतू नाहीसेच होतात. कोपनहेगनच्या संशोधकांनी २००३ साली मांडलेला हिशेब असा : विशीतल्या पुरुषाच्या मेंदूत असे तंतू एकूण सुमारे १ लाख ७६ हजार किलोमीटर, स्त्रीच्या मेंदूत १ लाख ४९ हजार. ऐंशीपर्यंत त्यातले ४५ टक्के जातात.

झीज सगळीकडे सारखी नसते. कपाळामागच्या भागाला मायलिन सर्वांत उशिरा मिळतं आणि उतरणही बहुधा तिथेच आधी लागते. बेत आखणं, एक काम मध्येच सोडून दुसरं धरणं ही कामं त्या भागाची. म्हणून शब्दसंपत्ती शाबूत असते, जुना अनुभव शाबूत असतो, पण फोनवर बोलता बोलता भाजीचा हिशेब जमत नाही.

आता खरा पेच. पंचाहत्तरीचे आजोबा सावकाश उत्तर देतात, ते वयामुळे की मुळातच तसे होते? हे ठरवायला त्यांच्या लहानपणीची नोंद हवी, आणि ती कोण ठेवतो? स्कॉटलंडने ठेवली. ४ जून १९४७ रोजी तिथे १९३६ साली जन्मलेल्या ७०,८०५ मुलांनी एकच बुद्धिमापन चाचणी दिली, आणि त्या निकालांच्या वह्या टिकल्या. एडिनबरा विद्यापीठाच्या इयन डिअरी यांच्या गटाने त्या पिढीतली १,०९१ माणसं सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा गाठली, त्याच चाचणीला बसवली आणि पुढे त्यांतल्या अनेकांचे एमआरआयही काढले. माझ्या मते या विषयातला इतका मौल्यवान साठा दुसरा नाही.

२०१२ साली या गटाने पांढऱ्या भागातले बारा मार्ग तपासले. ज्याचा एक मार्ग कमकुवत, त्याचे बाकीचेही कमकुवत असण्याकडे कल दिसला. मार्ग चांगले असलेली माणसं बुद्धीच्या चाचण्यांतही सरस ठरली. पण विचाराचा वेग हिशेबातून वजा केला, तर तो संबंध जवळपास उरलाच नाही. म्हणजे फरक प्रामुख्याने वेगाचा. तेव्हा आजी शब्द शोधत असताना नातवंडांनी वाक्य पुरं करण्याची घाई करू नये. थोडा वेळ किंवा एखादा धागा मिळाला की नाव पुष्कळदा आठवतं.

आपल्याकडे हा विषय घरात शिरतो तो एमआरआयच्या रिपोर्टमधून. ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ हे शब्द वाचून घरचे हादरतात. पांढऱ्या भागाला खोलवर रक्त पोचवणाऱ्या बारीक रोहिण्या कडक झाल्या की तिथे ठिपके दिसू लागतात. त्यांची प्रतवारी फाझेकास श्रेणीने शून्य ते तीन अशी करतात. साठीनंतर श्रेणी एक अगदी सर्रास आढळते, तिने घाबरू नये. श्रेणी तीन, आणि सोबत चाल मंदावलेली असेल, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं.

या ठिपक्यांमागचं बदलता येण्याजोगं सर्वांत मोठं कारण उच्च रक्तदाब. अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड चाचणीत वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचं लक्ष्य असलेल्यांमध्ये चारेक वर्षांत ठिपक्यांचं आकारमान ०.९२ घन सेंटिमीटरने वाढलं. १४० चं लक्ष्य असलेल्यांमध्ये १.४५ ने. स्मृतिभ्रंशातली घट ठामपणे सिद्ध झाली नाही, त्याआधीच्या सौम्य टप्प्यातली झाली. मधुमेही मात्र त्या चाचणीत नव्हते, आणि वृद्धांचा दाब फार उतरला तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते. म्हणून आपलं लक्ष्य किती, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. रक्तदाब मोजून घ्यायला मात्र साठीची वाट पाहू नका, चाळिशीतच सुरुवात करा.