चतुर चोरांच्या गोष्टी

चोरी हा अपराध आहे, हे लहान मूलही जाणते. तरीही चोराची गोष्ट सुरू झाली, की थोर काय नि लहान काय, सारेच कान टवकारून बसतात. असे का व्हावे?

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकाचे उदाहरण घ्या. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी संगीत रंगभूमीवर आणले. या नाटकात शर्विलक नावाचा तरुण रात्री चारुदत्ताचे घर फोडतो. भिंतीला कोणत्या आकाराचे भगदाड शोभेल, कमळाचे, अर्धचंद्राचे की पूर्णकुंभाचे, याचा तो कलावंतासारखा विचार करतो. माप घेण्याची दोरी विसरली, हे ध्यानात येताच गळ्यातील जानवेच तो दोरी म्हणून वापरतो! मात्र त्याने नेलेले दागिने चारुदत्ताचे नव्हते. ती वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेली ठेव होती. पतीच्या नावाला बट्टा लागू नये, म्हणून चारुदत्ताच्या पत्नीला आपली रत्नमाला द्यावी लागते. चोराचे चातुर्य पाहून आपण हसतो. पण त्या चातुर्याची किंमत कोणीतरी दुसराच मोजतो, हेही नाटककार दाखवितो.

आजही किशोरवयीन वाचकांसाठी अशा अनेक कादंबऱ्या लिहिल्या जातात. ली बार्डुगो या लेखिकेच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिक्स ऑफ क्रोज' या इंग्रजी कादंबरीत सहा तरुण एका अभेद्य किल्ल्यात शिरण्याचा बेत आखतात. या कथांची घडण बहुधा एकसारखी असते. प्रत्येक सोबत्याच्या अंगी एकेक निराळा गुण असतो. बेत नेमका आखलेला असतो. पण ऐन वेळी तो फसतो, आणि मग बुद्धीची खरी कसोटी लागते. ज्याला लुटायचे, तो बहुधा लोभी किंवा क्रूर रंगविलेला असतो. त्यामुळे वाचकाचे मन नकळत चोरांच्या बाजूला झुकते. आपल्याला आवडते ती चोरी नव्हे. आवडते ते धैर्य, योजकता आणि मित्रांची एकजूट.

परंतु पुस्तकाबाहेरचे जग निराळे असते. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा केला. त्याअन्वये काही जमातींतील माणसे जन्मतःच गुन्हेगार मानली जाऊ लागली. त्यांनी चोरी केली आहे की नाही, हे कोणी पाहिनासे झाले. १८९७ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून दूर ठेवण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. आपल्या सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत होती. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट इत्यादी कुटुंबे तेथे ठेवली होती. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. परवानगीवाचून बाहेर जाता येत नसे. शहराच्या कापडगिरण्यांत यांतील अनेकांनी घाम गाळला. त्या भागाला लोक अजूनही 'सेटलमेंट' म्हणतात. स्वतंत्र भारतात हा कायदा रद्द झाला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. म्हणून तो दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळला जातो. तार निघाली, लोकांच्या मनातील संशय मात्र लवकर निघाला नाही.

हा संशय कसा जाळतो, ते लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' या आत्मकथनात सांगितले आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लातूरजवळील धनेगावच्या या मुलाच्या जमातीत लहानग्यांना खिसे कापण्याचे शिक्षण दिले जाई. पोलिसांच्या माराला तोंड देऊनही कोणाचे नाव सांगू नये, यासाठी त्यांना आधी घरीच मार खावा लागे. येथे नकाशे नाहीत, गुप्त दरवाजे नाहीत. येथे आहे ती भूक आणि भीती. अशा घरातून वडिलांनी लक्ष्मणला शाळेत घातले. हातात पाटी आली आणि पुढे त्याच हाताने आपल्या माणसांची कहाणी लिहिली.

चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकारानेही हेच सत्य ओळखले होते. १८३७ ते १८३९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' या कादंबरीत म्हातारा फॅगिन पोरांना खिशातून रुमाल काढण्याचा 'खेळ' शिकवितो. अनाथ ऑलिव्हरला तो खेळच वाटतो. रस्त्यावर खरी चोरी पाहताच तो भिऊन पळत सुटतो, आणि पळतो म्हणून लोक त्यालाच चोर समजून पकडतात.

तेव्हा मुलांनो, चतुर चोरांच्या गोष्टी अवश्य वाचा. त्यांतील युक्तींना मनमोकळी दाद द्या. मात्र वाचताना दोन प्रश्न मनाशी विचारा. हा मुलगा चोर का झाला? आणि त्याला चोर हे नाव कोणी दिले? कथेतील चोर पुस्तक मिटताच मोकळा होतो. खऱ्या जगातील मुलावर तो शिक्का एकदा बसला, की तो पुसण्यास पिढ्या लागतात. म्हणून वर्गात कोणाची पेन्सिल हरवली, तर पुराव्यावाचून कोणाकडे बोट दाखवू नये. एखाद्या निरपराध मुलाला चोर म्हणणे म्हणजे त्याचे नाव चोरणेच होय. आणि नावासारखे धन दुसरे नाही.