चकाकीची किंमत

राखुंडीने दात घासणाऱ्या पिढीतला मी. पुढे बँकेच्या संगमनेर शाखेत बदली झाली. ते तंबाखू-विड्यांचे गाव. सकाळी गल्लीत तव्यावर भाजलेल्या मशेरीचा वास दरवळायचा आणि बायाबापड्या ओट्यावर बसून दातांवर बोट फिरवीत गप्पा मारायच्या. (मंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली, घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार?) एकूण काय, जितके खसाखसा घासावे तितके स्वच्छ, हे आमच्या हाडीमाशी मुरलेले.

गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नाआधी एका दवाखान्यात दात साफ करून घेतले. कीटण काढून झाल्यावर फिरत्या रबरी कपाने पुदिन्याच्या वासाची एक पेस्ट घासली गेली. तोंडात वाळूसारखी करकर. आरशात पाहिले आणि खूश होऊन मीच म्हणालो, "अजून जरा घासा की!"

महिनाभरात पुढच्या दातातले, दाताच्याच रंगाचे फिलिंग चहाने पिवळे पडले. जिभेला खरखरीत लागू लागले. शिवाय हिरडी उतरलेल्या डाव्या दाढेला गार पाणी सहन होईना.

माझी भाची लोणीच्या दंत महाविद्यालयात शिकलेली. तिने भिंगातून पाहिले आणि म्हणाली, "मामा, टाचा घासायचा दगड माहीत आहे ना? प्युमिस? या पेस्टमध्ये बऱ्याचदा त्याचीच पूड असते."

खनिजांचा कठीणपणा मोजायची एक ते दहाची मोहसची पट्टी असते. तिच्यावर प्युमिस ६ च्या आसपास, दाताचे वरचे कवच ५ च्या आसपास आणि आतले डेंटिन ३ च्याही खाली. कवच दणकट, त्याचे फारसे बिघडत नाही. पण हिरडी उतरली की उघड्या पडलेल्या मुळावर ते कवच नसतेच. तिथे दगडाची गाठ थेट डेंटिनशी.

फिलिंगची तऱ्हा आणखी निराळी. त्यात मऊ राळेत काचेचे बारीक कण बसवलेले असतात. जाड पेस्टने राळ आधी झिजते आणि कण उघडे पडतात. डांबर जाऊन खडी वर आलेला रस्ता आठवा. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, तो वेगळा समजवावा लागत नाही. हा खडबडीतपणा ०.२ मायक्रॉनच्या वर गेला, की जंतूंचा थर जास्त साचू लागतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! चकचकीत करायला गेलो आणि घाणीला बसायला जागा करून दिली.

"मग पॉलिश करूच नये?"

"डाग असतील तिथंच करावं. जाड दाण्यानं सुरुवात केली तर मध्यम, मग बारीक, असं उतरत यायचं. फिलिंगला ॲल्युमिनियम ऑक्साइडची किंवा हिऱ्याच्या भुकटीची अगदी बारीक पेस्ट, तीही हलक्या हातानं. खरं काम कीटण काढण्याचं. ते पेस्टनं निघतच नाही." खुर्चीत बसताच कुठे कुठे फिलिंग आहे ते सांगावे, हेही तिने बजावले. मी त्या दिवशी पुतणीच्या लग्नाच्या मेनूबद्दल बोलत होतो.

तिने फिलिंग पुन्हा घासून गुळगुळीत करून दिले. जीभ सारखी तिथेच जाते, आता कौतुकाने. दाढेचे विचारले, तर म्हणाली, "राखुंडी आणि कडक ब्रशनं ती आधीच झिजली होती. पेस्टनं शेवटचा हात मारला. संवेदना कमी करणारं औषध लावते, पण गेलेलं परत येत नाही, मामा."

माठातले पाणी मी हल्ली उजव्या बाजूने पितो.