वधूच्या हातातला दरवळ

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या फूलबाजारात पहाटे शिरलं की एकाच छपराखाली दोन बाजार लागतात. एकीकडे सुटी फुलं: झेंडू, शेवंती, मोगरा, सुटी गुलछडी. सगळा व्यवहार किलोवर. दुसरीकडे दांड्याची फुलं: डच गुलाबाच्या वीस-वीसच्या गड्ड्या, जर्बेरा, कार्नेशन, ऑर्किड. डोळे मिटून चाललं तरी आपण कुठे आहोत ते नाकाला कळतं. सुट्या फुलांकडे वास अंगावर येतो. दांड्याच्या फुलांकडे, एखादं लिलियम सोडलं तर, ओल्या पाल्याचा वास तेवढा येतो. वसई-गोव्याच्या ख्रिस्ती लग्नांत वधूच्या हातात असणारा गुच्छ आता स्वागत समारंभातून आपल्याकडे सगळीकडे पोचला आहे. पण तो बांधला जातो तो जवळजवळ नेहमी या बिनवासाच्या फुलांचा. नवरी ज्याला अख्खी संध्याकाळ छातीशी धरून उभी राहणार, त्या गुच्छाला वासच नसावा, हे मला मनापासून खटकतं.

गुलाबाचा वास गेला कुठे, याचं उत्तर आता मिळालं आहे. फ्रान्समधल्या सेंत-एत्येनच्या संशोधकांनी ‘पापा मेयाँ’ हा घमघमणारा गुलाब आणि ‘रूज मेयाँ’ हा वास नसलेला गुलाब यांची तुलना केली आणि २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. गुलाबाच्या वासातलं जिरॅनिऑल आणि त्याच्या जातकुळीची द्रव्यं तयार होण्यासाठी पाकळीत एक विशिष्ट विकर लागतं. वास नसलेल्या गुलाबात त्याचं जनुक जवळपास गप्प असतं. गुलाबाची पैदास करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लांब दांडा, जाड पाकळी, शीतगृहात आणि विमानात टिकण्याची ताकद एवढंच निवडलं. वास कोणी मागितला नाही, म्हणून तो मागे पडला. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधून फेब्रुवारीत परदेशी जाणारा गुलाब देखणा असतो, पण तो प्रवासासाठी घडवलेला आहे.

मग गुच्छात घ्यायचं काय? यासाठी अत्तरवाल्यांचं ज्ञान कामाला येतं. गुलाब खुडला की त्याचा वास लगेच ओसरू लागतो, म्हणून कनौजला किंवा बल्गेरियात तो पहाटे तोडून त्याच दिवशी भट्टीवर चढवतात. चमेली आणि गुलछडी मात्र खुडल्यावरही कितीतरी तास वास तयार करत राहतात. फ्रान्समधल्या ग्रास गावी याच गुणावर एक धंदा उभा राहिला होता. काचेवर चरबीचा थर द्यायचा, त्यावर ताजी फुलं मांडायची आणि रोज ती बदलत राहायची. चरबी वास शोषून घेई. आपल्याकडे फुलांच्या आणि तिळाच्या थरांवर थर रचून चमेलीचं तेल काढत, त्यामागचं तत्त्व हेच. चीनमध्ये फुजौचा जस्मिन चहा करतात तोही मोगऱ्यावरच. दिवसा मिटलेल्या कळ्या खुडायच्या, रात्री त्या चहाच्या पानांत उमलू द्यायच्या आणि सकाळी काढून टाकायच्या.

म्हणजे संध्याकाळचं लग्न असेल तर मोगरा आणि गुलछडी ही जोडी मला बिनतोड वाटते. दोघांनाही रात्रीचे पतंग बोलवायचे असतात; वास चढतो तोच मुळी अंधार पडताना. कळ्या सकाळी आणायच्या, ओल्या फडक्यात गार जागी ठेवायच्या आणि दुपारी चारच्या सुमाराला गुच्छ बांधायला घ्यायचा. मोगऱ्याला देठ जेमतेम असतो. त्यामुळे प्रत्येक कळीच्या बुडातून बारीक तार आरपार ओवून ती खाली दुमडतात, तारेवर हिरवी फीत गुंडाळतात आणि अशा दहा-बारा कळ्यांचा झुबका करतात. असे झुबके गुलछडीच्या काड्यांमध्ये खोवायचे. काम किचकट आहे, कारागीर त्याचे जास्त पैसे मागेल आणि ते द्यावेत. चार वाजता मिटलेल्या कळ्या सातच्या सुमाराला, नवरी स्टेजवर उभी असताना, तिच्या हातात उमलतात.

गुलछडी घेताना एक बघावं. दांड्याच्या बाजारात डबल गुलछडीला मान आहे, कारण ती भरगच्च दिसते. वासाला मात्र एकेरी सरस. ‘प्रज्वल’ किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ या एकेरी जाती. खालची दोन-तीन फुलं उमललेली आणि वरच्या कळ्या फुगलेल्या अशी काडी निवडावी.

सकाळच्या मुहूर्ताला वेगळा विचार हवा. सोनचाफा सुंदर, पण हाताळला की पाकळ्या गळतात. अनंताला बोट लागलं की पांढऱ्यावर तपकिरी डाग उमटतो, तरी दोन-तीन फुलं पानांसकट मधोमध बसवली तर तेवढी पुरतात. १९८१ साली ब्रिटनच्या युवराज चार्ल्सशी लग्न करताना डायनाच्या हातात असलेल्या लांबलचक गुच्छातही अनंत होता.

विदर्भासाठी तर मला एक फूल फार जवळचं वाटतं, संत्र्याचं, आणि ते बाजारात मिळतच नाही. व्हिक्टोरिया राणीने १८४० मध्ये लग्नाला हिरेमाणकांचा मुकुट न घालता संत्र्याच्या फुलांचा गजरा माळला होता. आपल्याकडे वरूड, मोर्शी, काटोलच्या बागांत आंबिया बहार फुटतो तो ऐन लग्नसराईत, जानेवारी-फेब्रुवारीत. फूल म्हणजे उद्याचं फळ, म्हणून बागवान ते तोडत नाही. पण संत्र्याच्या असंख्य फुलांतली थोडीच फळ धरतात, बाकीची आपसूक गळतात. घरची किंवा नात्यातली बाग असेल तर चार डहाळ्या मागायला काहीच हरकत नाही.

आणि पानं! ब्रिटिश राजघराण्यातल्या वधू गुच्छात मर्टलची डहाळी घालतात. व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स अल्बर्ट याच्या आजीने राणीला दिलेल्या गुच्छातली अशी एक डहाळी १८४५ साली राणीच्या ऑस्बोर्न इथल्या वाड्याच्या बागेत लावली गेली. १८५८ मध्ये राणीच्या थोरल्या मुलीने त्या झाडाची फांदी लग्नात धरली, आणि २०११ मध्ये राजपुत्र विल्यमशी लग्न करताना केटच्या गुच्छातही ऑस्बोर्नचं मर्टल होतं. मर्टल हे आपल्या जांभूळ, पेरू आणि लवंगेच्या कुळातलं. वास पानात, चुरडलं की सुटणारा. आपल्याकडे हे काम मरवा करतो, तुळशीच्या मंजिऱ्या करतात, चैत्रात दवणा करतो, लिंबाची कोवळी पानंही करतात. मुठीजवळ ही पानं बांधावीत, म्हणजे नवरीची पकड घट्ट होईल तसा वास सुटेल. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून आणलेल्या जिप्सोच्या बारीक पांढऱ्या फुलांपेक्षा हा खर्च कमीच येतो.

फूलवाल्याकडे फोटो दाखवून गुच्छ ठरवला जातो, तिथेच सगळं बिघडतं. त्याला आधी लग्नाची तारीख आणि वेळ सांगा, आणि त्या आठवड्यात जवळपासच्या गावांतून कोणती वासाची फुलं येतात ते विचारा. मार्च-एप्रिलमध्ये वेंगुर्ल्याकडे लग्न असेल तर उत्तर सुरंगी असेल, आणि मग दुसरं काही शोधू नये. वरून सेंट फवारायचा नाही, हे मात्र बजावून ठेवा.