सुक्याबरोबर ओलेही

कर्करोगाची गाठ औषधाला दाद देऊ लागते, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि अशातच एके दिवशी सकाळी रुग्णाची बोटे आखडतात, मूठ वळत नाही, गुडघे सुजतात. ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणत कोणी तेल चोळून देते. पण रुग्ण इम्युनोथेरपी घेत असेल, तर हे दुखणे वयाचे नसून औषधाचेही असू शकते.

असे का व्हावे? आपल्या रक्तातल्या टी पेशी म्हणजे शरीराचे सैन्य. या सैन्याने आपल्याच माणसांवर हत्यार उगारू नये म्हणून निसर्गाने त्याला लगाम घातले आहेत. सीटीएलए-४ हा एक, पीडी-१ हा दुसरा. कर्करोग मोठा धूर्त. अनेकदा तो हाच लगाम खेचून धरतो आणि सैन्य जागच्या जागी थांबते. हा लगाम सैल करण्याची वाट अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकु होंजो यांच्या संशोधनातून सापडली. २०११ साली अमेरिकेत अशा पहिल्या औषधाला मान्यता मिळाली, २०१८ साली दोघांना नोबेल पारितोषिक लाभले.

पण लगाम सुटलेले सैन्य शत्रू आणि स्वकीय यांत नेहमीच फरक करते असे नाही. कुणाच्या आतड्याला, कुणाच्या थायरॉइड ग्रंथीला झळ लागते, तर काहींच्या सांध्यांना. अशा सुजलेल्या सांध्यांतल्या पाण्यात शास्त्रज्ञांना सीडी-८ जातीच्या चवताळलेल्या टी पेशी आढळल्या आहेत. त्यांच्याकडून इंटरफेरॉन गॅमासारखी रसायने सुटतात, सांध्याचे अस्तर सुजते. नेहमीच्या आमवातात रक्तात सापडणारी प्रतिपिंडे यातल्या बहुतेक रुग्णांत नसतात. त्यामुळे ‘रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर निश्चिंत होऊन चालत नाही.

या दुखण्यावर उपाय आहेत. सौम्य त्रासाला साधी वेदनाशामके पुरतात. नाहीतर कमी मात्रेत स्टेरॉइड, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर मेथोट्रेक्सेटसारखी औषधे. स्टेरॉइडची मात्रा शक्य तितकी कमी ठेवण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. कर्करोगाशी लढणारे हातच बांधले जाऊ नयेत हा त्यामागचा विचार. काहींचा त्रास मूळ उपचार थांबल्यावरही कित्येक महिने रेंगाळतो.

खरा धोका आहे तो गप्प बसण्याचा. ‘सांगितले तर डॉक्टर औषधच बंद करतील’ या भीतीने अनेकजण दुखणे अंगावर काढतात. वास्तविक वेळीच सांगितले, तर पुष्कळदा कर्करोगाचा उपचार चालू ठेवूनच सांधे सांभाळता येतात. उशीर झाला, तर सांध्याची कायमची हानी होऊ शकते. म्हणून घरात कुणी ही औषधे घेत असेल, तर त्याला एवढे जरूर विचारा : सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात? उत्तर अर्ध्या तासाहून अधिक असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कर्करोगतज्ज्ञांच्या कानावर घाला.