बस येईपर्यंत नऊ एक

सानगडीहून कॉलेजला जाणारी एसटी अजून आली नाहीये ना? मग मोबाइल ठेवा खिशात आणि वहीचं मागचं पान उघडा. ११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. असंच चढत चढत नऊ एकांपर्यंत जा. १११११११११ चा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. उलटा वाचला तरी तोच!

जादूबिदू काही नाही. उभा गुणाकार मांडा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर सरकलेली. मधल्या रकान्यात नऊ एक येतात, शेजारच्यांत आठ, मग सात. हातचा कुठेच नाही.

अशा संख्यांचं बारसं चक्क रेल्वे स्टेशनवर झालंय. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते. या संख्यांचा नाद त्यांना लागला तो डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला. म्हणून यांचं नाव डेम्लो संख्या. सरांकडे फर्ग्युसनची बी.एस्सी. होती, पुढची पदवी नव्हती. त्यांचं काम आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना पोरखेळ वाटायचं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगाचं लक्ष गेलं. तोवर सरांनी सत्तरी गाठली होती.

पोरखेळ? जरा आत शिरून बघा. या सतरा अंकांची बेरीज ८१, म्हणजे तीही ९ चा वर्ग. १११११११११ चे मूळ अवयव पाडले की ३ × ३ × ३७ × ३३३६६७ मिळतात. तो ३३३६६७ कुठून उगवला, असं मला अजूनही वाटतं. त्यावरून आपल्या संख्येचे विभाजक मोजले तर ४५ भरतात. विषम, कारण विभाजक जोडीने येतात आणि वर्गमूळ तेवढं एकटं राहतं. ‘लीलावती’तल्या स्थानांनी मोजलं तर पहिला अंक ‘मध्य’ स्थानी बसतो, परार्धाच्या एकच घर अलीकडे.

आता हीच संख्या एक्सेलमध्ये टाका. दिसेल १२३४५६७८९८७६५४३००. एक्सेल पंधराच अंक धरून ठेवतं, पुढे शून्यं भरतं, आणि तसं सांगतही नाही. प्रोजेक्टच्या शीटमध्ये सोळा अंकी क्रमांक भरणाऱ्यांनो, शेवटचा अंक तपासलाय का? असे क्रमांक ‘टेक्स्ट’ म्हणूनच भरा.

बस अजूनही नाही? मग दहा एक घ्या. मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा एक. शेजारी नऊ आणि तो एक, पुन्हा दहा. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गेला, आरशातलं रूप मोडलं. अंकांची बेरीज १०० यायला हवी होती, आली ८२. प्रत्येक हातच्याने नऊ खाल्ले: दहाच्या जागी एकच पुढे गेला ना! अकरा एकांना किती हातचे लागतात, ते साकोली येईपर्यंत काढा.