पलानाचा तपकिरी कोळसा

जयपूरपासून रस्त्याने सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर, बिकानेरच्या दक्षिणेला पलाना हे गाव आहे. 1896 साली इथे विहीर खणताना तपकिरी काळपट थर लागला. तो लिग्नाइट होता. दोनच वर्षांत खाण सुरू झाली, रेल्वेचा फाटाही आला. इंजिनात मात्र हा कोळसा बंगालच्या कोळशात मिसळून वापरावा लागे.

लिग्नाइटचे ताजे ढेकूळ हातात घेतले तर थंड, ओलसर लागते. त्यात तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त पाणी असते. उन्हात ठेवले की ते तडकते आणि त्याचा चुरा होतो. धोका याच चुऱ्यात आहे. जितका चुरा बारीक, तितका हवेशी संपर्क जास्त.

काडी न लावताही कोळसा पेटतो, कारण तो हवेतला ऑक्सिजन शोषून घेत हळूहळू तापत असतो. ओला कडबा गंजीत रचला की आतून गरम होतो; तिथे सुरुवात सूक्ष्मजीव करतात, पण पुढची अडचण तीच, उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. वारा भरपूर असेल तर कोळसा निवतो, हवा मुळीच नसेल तर तापत नाही. घात करते ती झिरपणारी थोडीशी हवा.

भूमिगत खाणीत अशी जागा म्हणजे ‘गोफ’. छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब काढून घेतल्यावर छत कोसळते, मागे उरलेला कोळसा ढिगाऱ्यात गाडला जातो आणि भेगांतून हवा आत शिरत राहते. कोळसा तापायला किती महिने लागतात याचा अंदाज बांधून त्याआधीच तो भाग भिंत घालून बंद करावा लागतो. आपल्या चंद्रपूर-वणीकडच्या वर्धा खोऱ्यातला कोळसाही ओलाव्याचा आणि लवकर तापणारा आहे. त्यामुळे तिथे या भिंतीत कुचराई चालत नाही.

भिंतीतून एक नळी बाहेर काढलेली असते. तिच्यातून आतल्या हवेचा नमुना घेऊन दोन गोष्टी तपासतात: ऑक्सिजन किती घटला आणि कार्बन मोनॉक्साइड किती वाढला. या वाढीचे त्या घटीशी प्रमाण 1 टक्क्याच्या वर गेले की आत कोळसा तापतो आहे असे समजतात. या विषारी वायूला वास नसतो, पण तापलेल्या कोळशाला पेट्रोलसारखा दर्प येतो आणि भिंतीला घाम फुटतो. अनुभवी खाणकामगार त्यावरूनच सावध होतो. ही वेळ हुकली तर काय होते ते झारखंडमधल्या झरियाच्या कोळसाखाणींत दिसते. तिथली आग 1916 साली पहिल्यांदा नोंदली गेली आणि ती शतक उलटून गेले तरी धुमसत राहिली.

पलानाजवळच्या बारसिंगसरला आज लिग्नाइट उघड्या खाणीतून काढतात, म्हणून तिथे गोफ नाही. मात्र बाहेर साठवलेला ढीगही आतून तापू शकतो. म्हणून असा कोळसा थराथराने रचून त्यावर बुलडोझर फिरवतात, म्हणजे ढेकळांमधली हवा निघून जाते.